बल्कर खाली करण्याची विद्या

बल्कर चालवता येणं आणि बल्कर खाली करता येणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम अवजड वाहनाचा परवाना देताना तपासलं जातं. दुसऱ्याची परीक्षा त्या परवान्यात नसते. पेट्रोल किंवा आम्ल नेणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरला १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक मालाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. सिमेंट किंवा कोळशाची राख त्या वर्गात येत नाही. त्यामुळे सिमेंटचा बल्कर घेऊन निघालेला माणूस कागदोपत्री साधा ट्रक ड्रायव्हर असतो. साइटवर पोचल्यावर मात्र दाबाखालची टाकी, कॉम्प्रेसर, सगळे व्हॉल्व्ह आणि आतून न दिसणारा सायलो, म्हणजे भुकटी साठवायची उंच कोठी, हे सगळं तो तासभर सांभाळतो. ही विद्या बहुधा क्लीनर असताना उस्तादाकडे बघत बघत मिळते. उस्ताद जाणता असेल तर विद्याही पक्की होते, आणि उस्तादाच्या हाताला चुकीची सवय असेल तर तीही जशीच्या तशी पुढे उतरते. या कामामागचं शास्त्र अवघड नाही. ते एकदा समजलं की कोणता व्हॉल्व्ह आधी आणि कोणता नंतर, हे पाठ करावं लागत नाही.

या गाड्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात चुनखडी आणि कोळसा दोन्ही आहे, म्हणून गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले आणि शेजारी २,९२० मेगावॅटचं चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र. नाशिकजवळ एकलहऱ्याला, भुसावळजवळ दीपनगरला, परळीला औष्णिक केंद्रं आहेत. कोळसा जळल्यावर धुराबरोबर उडणारी बारीक राख विजेच्या भाराने पकडतात आणि कोरडीच सायलोत साठवतात. पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के अशी राख घालता येते. सप्टेंबर १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेचा वापर वाढवण्याची जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली, आणि तेव्हापासून ही राख बांधकामात मोठ्या प्रमाणावर जाऊ लागली. २०२१-२२ मध्ये देशभरात सुमारे २७ कोटी टन राख तयार झाली. दुसरीकडे शहरांत रेडिमिक्स काँक्रीटचे प्लांट वाढले. तिथे सिमेंट पोत्यातून येत नाही. गुजरातेतल्या मूळद्वारकेहून जहाजाने पनवेलला सुटं सिमेंट आणण्याची सोय १९९०च्या दशकात झाली, तीही याच गरजेतून. सायलोपासून सायलोपर्यंतच्या या प्रवासात जमिनीवरचा दुवा म्हणजे बल्कर.

पोत्याच्या हिशेबात बघितलं तर २५ टन सिमेंट म्हणजे ५० किलोची ५०० पोती. ती पाठीवरून उतरवायची तर हमालांच्या टोळीला अर्धा दिवस लागेल आणि प्रत्येकाच्या छातीत सिमेंटची धूळ जाईल. बल्कर तेच काम तासाभरात करतो, आणि सायलो दहा-पंधरा मीटर उंच असला तरी करतो. त्याच्याकडे त्यासाठी हवा सोडून दुसरं काही नसतं.

हवा हे कसं करते ते समजण्यासाठी आधी भुकटीचा स्वभाव बघायला हवा. गिरणीतून नुकतं दळून आणलेलं पीठ डब्यात भरलं तर डबा काठोकाठ भरतो. तोच डबा चार वेळा जमिनीवर आपटला की पीठ दोन बोटं खाली बसतं. पीठ तेवढंच असतं, कणांमधली हवा निघून गेलेली असते. सिमेंटचंही हेच. सिमेंटच्या कणाची घनता पाण्याच्या ३.१५ पट, पण फुगवून भरलेल्या सिमेंटचं एक घनमीटर साधारण सव्वा टनाच्या आत भरतं, आणि बसल्यावर तेच दीड टनाच्या जवळ जातं. राख याहून बरीच हलकी, म्हणून तेवढ्याच वजनाच्या राखेला मोठी टाकी लागते.

आता बसलेल्या भुकटीखालून, सच्छिद्र कापडातून, सगळीकडे सारखी हवा सोडली तर काय होतं? कण एकमेकांपासून किंचित सुटतात, त्यांच्यातलं घर्षण नाहीसं होतं आणि सगळा ढीग द्रवासारखा वागू लागतो. त्याला सपाट पृष्ठभाग येतो, तो उताराकडे वाहतो, भोकातून गळतो. शास्त्रात याला तरलीकरण म्हणतात. सगळ्या भुकट्या याला सारखा प्रतिसाद देत नाहीत. ब्रिटिश अभियंते डेरेक गेल्डार्ट यांनी १९७३ मध्ये कणांचा आकार आणि घनता यांवरून भुकट्यांचे ए, बी, सी आणि डी असे चार गट पाडले, ते आजही वापरात आहेत. उडती राख बहुतेक ए गटात बसते. ती सहज फुगते आणि घेतलेली हवा बराच वेळ सोडत नाही. सिमेंट ए आणि सी यांच्या सीमेवर पडतं. सी म्हणजे इतके बारीक कण की ते एकमेकांना चिकटून राहतात आणि त्यांच्यातून हवा सरळ भोक पाडून वर निघून जाते, ढीग हलतच नाही. सिमेंट कधी लोण्यासारखं उतरतं आणि कधी हट्टाने जागचं हलत नाही, याचं मूळ या सीमेवरच्या स्वभावात आहे. लांबचा प्रवास करून आलेलं, गचके खाऊन घट्ट बसलेलं सिमेंट आणि शेजारच्या प्लांटमधून तासाभरापूर्वी भरलेलं सिमेंट यांना हवा देण्याचा वेळ एक असू शकत नाही.

बल्करची टाकी बाहेरून लांबट दंडगोल दिसते. आत तिचा तळ एक किंवा अधिक नरसाळ्यांसारखा उतरता असतो आणि त्या उतारावर कॅनव्हासचे किंवा तत्सम कापडाचे पॅड बसवलेले असतात. कॉम्प्रेसरची हवा मुख्यतः दोन वाटांनी जाते. एक वाट पॅडखालून टाकीत, म्हणजे माल फुगवायला आणि टाकीत दाब धरायला. दुसरी वाट सरळ बाहेरच्या पाइपात, म्हणजे नरसाळ्यातून पडलेला माल पुढे ढकलायला. या दोन हवांचं प्रमाण सांभाळणं म्हणजेच बल्कर खाली करणं.

आकडे घेऊन बघू. समजा कॉम्प्रेसर मिनिटाला साडेआठ घनमीटर हवा ओढतो आणि पाइप १०० मिलिमीटर व्यासाचा आहे. सायलोच्या टोकाला ही हवा सेकंदाला सुमारे १८ मीटर वेगाने बाहेर पडेल. पण पाइपाच्या सुरुवातीला, टाकीपाशी, गेजवर एक बार दाब असेल तर तीच हवा दाबून निम्म्या आकाराची झालेली असते, म्हणून तिथे तिचा वेग फक्त ९ मीटर असतो. जसजशी ती पुढे सरकते तसतसा दाब उतरतो, हवा फुलते आणि वेग वाढतो. यातून दोन गोष्टी लगेच उलगडतात. पाइप बहुधा बल्करच्या जवळच तुंबतो, कारण हवा तिथे सगळ्यात संथ असते. आणि पाइप झिजून भोक पडतं ते सायलोच्या वरच्या वळणावर, कारण तिथे माल सगळ्यात जोरात आपटतो. तासाभरात २५ टन उतरले तर हवा खर्च झाली ५१० घनमीटर, वजनात सुमारे ६०० किलो. एक किलो हवेने चाळीस किलो सिमेंट वाहून नेलं. मला या कामातला हा आकडा सगळ्यात विलक्षण वाटतो.

काम मात्र व्हॉल्व्हपासून सुरू होत नाही, ते विचारण्यापासून सुरू होतं. कोणता सायलो आणि त्यात जागा किती? प्लांटवर सिमेंटचा आणि राखेचा सायलो शेजारी शेजारी असतात, दोघांचे खाली उतरलेले पाइप सारखेच दिसतात. राखेच्या सायलोत सिमेंट गेलं तर पैशाचं नुकसान होतं. सिमेंटच्या सायलोत राख गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर त्या दिवशी ओतलेल्या स्लॅबचं काय होईल हे सांगायला नको. प्रत्येक पाइपाच्या तोंडावर ठळक नाव आणि कुलूप असावं आणि ते कुलूप प्लांटच्या माणसानेच उघडावं, ही साधी अपेक्षा आहे. मग गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना ठोकळे लावायचे, होज आणि कपलिंगचं रबर तपासायचं, कपलिंगच्या कानांना पिन लावायच्या. सायलोवरचा बॅग फिल्टर सुरू आहे की नाही हे कान देऊन ऐकायचं.

यानंतर जाणता माणूस एक गोष्ट करतो जी नवखा टाळतो. माल न सोडता तो आधी नुसती हवा पाइपातून जाऊ देतो. पाइप मोकळा असेल तर गेजचा काटा जेमतेम हलतो. नुसत्या हवेनेच काटा चढू लागला तर पाइपात कुठेतरी जुना माल बसला आहे, किंवा सायलोच्या आतच हवेला बाहेर जायला वाट नाही. ही दोन मिनिटं वाचवणारे पुढे दोन तास घालवतात.

पाइप मोकळा असल्याची खात्री झाली की मालाचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पॅडखालून टाकीत हवा भरायची. दाब चढू द्यायचा. भारतातल्या बल्करमध्ये तो साधारण दोन बारच्या आतच ठेवतात आणि त्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. टाकीत दाब चढतोय म्हणजे माल फुगतोय, असं मात्र धरून चालू नये. दाब लवकर चढतो, हवा मालात शिरायला वेळ लागतो. थोडा धीर धरून मग एका नरसाळ्याचा व्हॉल्व्ह थोडासा उघडायचा. होज जड होतो, थरथरतो. हात ठेवला की माल एकसारखा जातोय की गोळ्या-गोळ्यांनी, ते कळतं. गेजकडे बघत व्हॉल्व्ह आणखी उघडायचा. काटा स्थिर राहिला तर प्रमाण जमलं.

नवख्याची चूक नेमकी इथे होते, आणि ती समजण्यासारखी आहे. माल हळू जातोय असं वाटलं की तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. पाइपात हवेला झेपेल त्याहून जास्त माल पडतो, हवेचा वेग आणखी कमी होतो, कण तळाशी बसू लागतात आणि पाइप चोक होतो. आता पाइपातला दाब टाकीच्या दाबाइतका चढतो आणि सगळं थांबतं. अशा वेळी दाब आणखी वाढवला तर ते बूच अधिकच घट्ट दाबलं जातं. करायचं ते उलट. मालाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाइपात फक्त हवा चालू ठेवायची, वाट बघायची. तरी सुटलं नाही तर दाब रीतसर सोडून शून्यावर आणायचा आणि मगच कपलिंगला हात लावायचा. चोक झालेला होज दाबाखाली असताना कपलिंग उघडलं, तर सुटलेला होज माणसाचं हाड मोडू शकतो. या एका नियमाला अपवाद नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, शेवटची पाच मिनिटं. इतका वेळ टाकीतल्या मालाने हवेला अडवून धरलेलं असतं. शेवटचा माल निघून गेला की तो अडसर अचानक नाहीसा होतो. २५ घनमीटरच्या रिकाम्या टाकीत गेजवर दीड बार दाब असेल तर तिथे मोकळ्या आकाराची ३७ घनमीटर जादा हवा साठलेली आहे. ती मिनिटाभरात पाइपातून सायलोत घुसली तर वरच्या बॅग फिल्टरला नेहमीच्या चार-पाच पट हवा गाळावी लागते. फिल्टर जुना असेल, त्याच्या पिशव्या सिमेंटने बुजलेल्या असतील, तर हवेला वाट मिळत नाही आणि सायलोत दाब चढतो. सायलो ही दाबाची टाकी नव्हे. तीन मीटर व्यासाच्या सायलोत जेमतेम ०.०५ बार दाब चढला तरी छपराला खालून साडेतीन टनांचा रेटा बसतो. सायलोवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह यासाठीच असतो, पण त्यावर सिमेंटचा थर बसून तो घट्ट झालेला असेल तर फिल्टरच जागेवरून उखडू शकतो आणि मग खाली उभ्या माणसांवर सिमेंट आणि पत्रा दोन्ही येतात.

म्हणून टाकी रिकामी होत आली, काटा उतरू लागला, होज हलका झाला, की व्हॉल्व्ह आवळत आणायचा. कॉम्प्रेसरचा जोर कमी करायचा आणि उरलेली हवा हळूहळू जाऊ द्यायची. घाईच्या दिवशी हाच टप्पा गाळला जातो, कारण माल तर संपलेला असतो आणि मागे दुसरी गाडी उभी असते. असा अपघात झाला की दोष सहसा ड्रायव्हरच्या माथी मारला जातो, हे मला पटत नाही. फिल्टरच्या पिशव्या बदलणं, सायलोचा सेफ्टी व्हॉल्व्ह साफ ठेवणं, सायलो भरत आल्याची सूचना देणारा भोंगा चालू ठेवणं ही प्लांटची कामं आहेत. ड्रायव्हरला सायलोच्या वरचं काहीच दिसत नाही. त्याला वरची खबर देणारा माणूस किंवा भोंगा नसेल, तर तो डोळे बांधून काम करतो आहे.

टाकीवरच्या मॅनहोलच्या झाकणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. ५० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून दोन बार दाब असेल तर चार टनांचा रेटा असतो. इतक्या दाबावर कुणी ते उघडणार नाही. घात होतो तो काटा शून्याजवळ आल्यावर. गेजवर ०.१ बार, म्हणजे जवळपास काहीच नाही असं वाटतं. पण तेवढ्यानेही झाकणाला २०० किलोचा धक्का असतो. बोल्ट सैल करता करता ते उसळलं तर वर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर बसतं. शिवाय गेजच्या बारीक नळीत सिमेंट बसलं तर काटा खोटं बोलतो. म्हणून काट्यावर भरवसा ठेवायचा नाही. हवा सोडायचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा, त्यातून आवाज येणं पूर्ण थांबल्याची खात्री करायची आणि मगच वर चढायचं.

पावसाळा कोकणात आणि मुंबईत या कामाला वेगळंच वळण देतो. तीस अंश तापमानाच्या आणि ८५ टक्के दमट हवेच्या एका घनमीटरात जवळपास २६ ग्रॅम वाफ असते. तासाभरात ओढलेल्या ५१० घनमीटर हवेबरोबर कॉम्प्रेसरमध्ये सुमारे १३ लिटर पाणी वाफेच्या रूपात जातं. दाबलेली हवा तापलेली असते तोवर ही वाफ वाफच राहते. पाइपातून जाताना हवा थंड झाली की त्यातलं काही लिटर पाणी होऊन सुटतं, आणि त्याच्या वाटेवर पुढे पॅड आणि सिमेंट असतं. कॉम्प्रेसरनंतरचा पाणी साठायचा सापळा काम सुरू करण्याआधी आणि अधूनमधून मोकळा केला नाही, तर पॅडवर सिमेंटची खपली धरते. त्या पॅडमधून नंतर हवा जात नाही.

रस्त्यावरच्या गोष्टी थोडक्यात. टाकी उंच, माल जड, म्हणजे गाडीचा भार वर. नुकती भरलेली राख हवा धरून असते आणि काही वेळ ती द्रवासारखी हलू शकते. घाटातल्या वळणावर आणि पुलाच्या गोल उतारावर वेग आधीच कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबायचा नाही. डोळ्याला चष्मा आणि नाकाला नीट बसणारा मास्क हवाच. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, सामू १२च्या वर. डोळ्यातल्या पाण्यात मिसळलेलं सिमेंट चोळून जात नाही, जखम करतं. स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटं डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. गाडीत पिण्याच्या पाण्याशिवाय यासाठी वेगळा कॅन असावा.

अमेरिकेत आणि युरोपात याच प्रकारच्या टाक्यांमधून मैदा, साखर आणि प्लास्टिकचे दाणेही नेतात, आणि तिथे एक आणखी धोका जोडला जातो. सिमेंट आणि राख भट्टीतून निघालेली असल्याने पेट घेत नाहीत. साखर आणि मैदा घेतात. पाइपातून घासत जाणाऱ्या भुकटीने स्थिर वीज साठते, आणि हवेत उडालेल्या बारीक धुळीत ठिणगी पडली की स्फोट होतो. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थच्या साखर कारखान्यात असाच धुळीचा स्फोट झाला आणि १४ कामगार मेले. तो बल्करमुळे झाला नव्हता, पण खाण्याच्या भुकटीचा बल्कर खाली करताना पहिल्यांदा अर्थिंगची तार का जोडतात, ते यातून कळतं.

गाडी खाली झाल्यावर रिकामं वजन करायला काट्यावर जायचं असतं. बहुतेक लोक ती पावती बिलासाठी घेतात. ड्रायव्हरने ती आपल्यासाठीही वाचावी. रिकाम्या गाडीचं मूळ वजन आणि आजचं वजन यांत दोनशे-तीनशे किलोंचा फरक दिसला, तर तेवढा माल टाकीतच राहिला आहे. एखाद्या वेळी राहिला तर घाई झाली असेल. दर फेरीला राहू लागला, आणि त्याच नरसाळ्याला लाकडी हातोडीने ठोकावं लागू लागलं, तर तिथल्या पॅडमधून हवा येणं बंद झालं आहे. तो पॅड काढून बघावा लागतो. खपली वरवरची असेल तर ब्रशने निघते, कापडात मुरली असेल तर पॅड बदलावा लागतो.